मोबाइल माझ्याच हातात होता

नमस्कार. टाळेबंदीतल्या द्राक्षबागांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तारखेचं आधी मान्य करतो. २२ मार्च २०२० हा जनता कर्फ्यू होता, २१ दिवसांची टाळेबंदी २४ तारखेच्या रात्री जाहीर झाली. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता माल पाडतानाच्या व्हिडिओवरचं तुमचं ते वाक्य. "माल पाडण्याआधी मोबाइल कुणाच्या हातात द्यायचा हे ज्याला सुचतं, त्याचं दुःख कितपत खरं?" मतभेद असू द्या हो, पण हा सूर कुठला? दहाव्याला गेलेला माणूसही कोण किती खरं रडतंय ते मोजत बसत नाही.

मोबाइल माझ्याच हातात होता. निफाड तालुक्यात आमची दीड एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग. सौदा झालेला, इसार घेतलेला, आणि २५ तारखेपासून व्यापाऱ्याचा फोन बंद. थोड्या मालाचा बेदाणा केला. उरलेला पाडावाच लागतो, कारण घड झाडावर ठेवून खरड छाटणी, म्हणजे तोडणीनंतरची मोठी छाटणी, होत नाही, आणि ती लांबली की पुढचा हंगामही हातचा जातो. (हे तुम्हाला ठाऊक असेल असं मी उगाच धरून चाललो.) वडील कात्रीने घड तोडत होते आणि सवयीने प्रत्येक घड तळहातावर झेलून हलकेच खाली ठेवत होते. कुजायलाच टाकायचा माल, तरी मणी गळू नयेत म्हणून. तेवढं मी टिपलं आणि भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. एरवी पारावर भेटणारी माणसं घरात कोंडलेली, मग सांगायचं कुणाला? अर्ध्या तासात तिघांनी आपापल्या बागेचे फोटो टाकले. एकाने नुसतं "हं" लिहिलं. पुढे कुणीतरी तो व्हिडिओ उचलून त्याला रडकं गाणं चिकटवलं. त्या गाण्याचा राग माझ्यावर कशाला?

चिकनने कोरोना होतो ही अफवा शेतकऱ्यांच्याच ग्रुपांवरून फिरली आणि पोल्ट्रीवाले बुडाले, असंही तुम्ही म्हणता. फिरली असेल, तो वेगळा विषय. शेतमालाच्या वाहतुकीला सूट होती म्हणता. होती, कागदावर.

तुम्ही तेव्हा कुठे होता, हे विचारणार नव्हतो. पण ५ एप्रिलला रात्री ९ वाजता गॅलरीतल्या पणत्यांचे फोटो टाकणाऱ्यांना मोबाइल कुणी धरला होता, असं कुणी विचारलं नाही.

वडिलांनी तो व्हिडिओ अजून पाहिलेला नाही. तुमची प्रतिक्रिया मात्र नातवाने वाचून दाखवली. म्हणाले, "त्यांना म्हणावं, छाटणीला या." कात्री आमच्याकडे आहे.