एकसष्टावा

आमच्या शाळेत तीन शिक्षक आहेत आणि त्यातल्या तिसऱ्याची जागा एका नऊ वर्षांच्या पोराच्या हातात आहे. तिसरी म्हणजे मी. पोराला यातलं काही माहीत नाही. कळलं तर उरलासुरला गृहपाठही तो बंद करील, म्हणून ही गोष्ट आम्ही स्टाफरूमच्या बाहेर जाऊ दिलेली नाही. स्टाफरूम म्हणजे पोषण आहाराच्या तांदळाची पोती ठेवतात ती खोली.

हिशोब साधा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या परिशिष्टात लिहिलंय की पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्टपासून तीन. आमचा पट एकसष्ट. ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक ते ठरवणं, होते, आणि त्या दिवशी साठच निघाले की तिसरा शिक्षक ‘अतिरिक्त’. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाकडे गाव कसं बघतं ते विचारू नका. पानटपरीवाला आपुलकीनं विचारतो, “मॅडम, मग कधी निघायचं?”

आमची शाळा बालाघाटाच्या डोंगरात. दसरा-दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं कुलूप लावून कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, उन्हाळ्यातच घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांड्यांच्या आणि शेळीच्या मधे. परत यायचे ते चैत्रात. आमचा एकसष्टावा अशाच एका ट्रॉलीतून गेला होता. गेला कृष्णाकाठच्या कारखान्यावर, पण अडकला पोर्टलमध्ये.

मुलांची नोंद ठेवायची भानगड तशी जुनीच. आमच्या कपाटात वाळवी चुकवून राहिलेलं एक जनरल रजिस्टर आहे. त्या काळच्या गुरुजींची पद्धत आजही गावातले म्हातारे करून दाखवतात. पोराला समोर उभं करायचं आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायला लावायचं. कान हाताला लागला की वय वर्षं सहा पूर्ण, जन्मतारीख १ जून. नाही लागला तर पुढच्या वर्षी या. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी १ जूनला जन्मली ती यामुळे. या पद्धतीला ना ओटीपी लागत असे ना रेंज, नुसता कान लागत असे.

पुढे सरकारला संशय आला की रजिस्टरात मुलं फार आणि वर्गात कमी. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकदम पटपडताळणी झाली. एकच पोरगं दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली, आणि नुसत्या कागदावर शिकणारी मुलं लाखांनी निघाली. मग ४ जुलै २०१५ ला उलटी मोहीम. एका दिवसात राज्यातली शाळाबाह्य मुलं शोधायची, त्यांच्याही बोटाला शाई. म्हणजे पहिल्या वेळी नसलेली मुलं मोजली आणि दुसऱ्या वेळी असलेली. एक दिवसात सगळी कशी सापडतील, असं त्या वेळी बरेच जण म्हणत होते, आणि मला ते अजून पटतं. वीटभट्टीवरचं पोरगं काही त्या शनिवारी शिक्षकांची वाट बघत बसलेलं नसतं.

त्याच वर्षी ‘सरल’ हे राज्याचं ऑनलाइन पोर्टल आलं आणि प्रत्येक मुलाला नंबर मिळाला. ‘यू-डायस प्लस’ या देशभरच्या शाळांच्या पोर्टलवर आधी शाळेची आकडेवारी भरायची असे, २०२२-२३ पासून एकेका मुलाची भरायची झाली. आता मुलाला कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक अकरा आकडी, शैक्षणिक खात्याचा ‘अपार’ क्रमांक बारा आकडी आणि आधार बारा आकडी. एकूण पस्तीस आकडे ज्याच्या नावावर आहेत त्या आमच्या एकसष्टाव्याला सातचा पाढा येत नाही.

पण कल्पना चांगली आहे हो. हे मी वरिष्ठ वाचत असतील म्हणून म्हणत नाही. पूर्वी पोरगं गेलं की गेलं. हजेरीत लाल शाईनं ‘सतत गैरहजर’, मग कधीतरी नाव कमी. ते दुसऱ्या शाळेत बसलंय की फडात पाचट ओढतंय, कोणाला कळायची सोय नव्हती. आता जुन्या शाळेनं सोडलेलं पोरगं नव्या शाळेनं ओढून घेईपर्यंत ड्रॉपबॉक्स नावाच्या कोपऱ्यात लटकत राहतं आणि तालुक्याच्या डोळ्यांना टोचतं. एवढी टोचणी मिळाली तरी पुष्कळ झालं. भानगड त्याच्या पुढे आहे.

भरायचे रकाने बघा. आधी नाव. रजिस्टरात असतं ज्ञानेश्वर. आधारवर आईबापानं सांगितलेलं, सेंटरवाल्यानं इंग्रजीत ऐकलेलं आणि यंत्रानं पुन्हा मराठीत उलटवलेलं असतं द्न्यानेश्वर. दोन्ही जुळेपर्यंत पोर्टल त्या मुलाला ओळख देत नाही, आणि आई त्याला ‘माऊल्या’ म्हणते. मग उंची, मग वजन. वजनकाटा अंगणवाडीतून उसना आणायचा, कारण आमचा पोषण आहाराचा काटा पोत्यांना बरा, पोरांना नाही. मग घरापासून शाळेचं अंतर. ‘कोणतं घर?’ असं विचारायला तिथं जागा नाही. सहा महिने डोंगरात आणि सहा महिने फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहणाऱ्या पोरासाठी एकच चौकोन.

आणि रक्तगट. एकसष्टाव्याच्या बापाला विचारलं, “रक्तगट कोणता लावू?” त्यानं आधी इकडंतिकडं बघितलं. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, “मॅडम, आमी कोन्याच गटात न्हाई. सरपंचाला बी रामराम, इरोधकाला बी रामराम. तुमी मोकळंच सोडा.”

वर केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसाला अनेक संदेश. ‘अतितातडीचे’, ‘आजच’, ‘आत्ताच’, ‘शेवटची संधी’, आणि लगेच ‘अंतिम शेवटची संधी’. पोर्टल दिवसा उघडत नाही. उघडतं रात्री, अकरानंतर, तेही देवळामागच्या चढावर रेंज आली तर. त्या चढावर रात्री तीन गावांचे शिक्षक मोबाईल वर धरून उभे असतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा गावकऱ्यांना वाटलं, गुप्तधन शोधताहेत.

तर एकसष्टावा. गेल्या हंगामात तो गेला तेव्हा आम्ही शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवला होता. ते दाखवलं की वाटेतली कुठलीही शाळा मुलाला बसवून घेते. कायद्यानं तर कार्ड नसलं, दाखला नसला, जन्माचा पुरावा नसला तरी बसवून घ्यावंच लागतं. तिथल्या मुख्याध्यापकांनी बसवून घेतलं, अगदी मनापासून. नंतर त्यांचा आमच्या सरांना फोन आला, “पोरगं रोज येतंय, पोर्टलवर सोडा ना.” आमच्या सरांनी माणुसकीनं सोडलं. त्यांनी ओढून घेतलं. कागद सरळ झाले, सगळे खूश.

चैत्रात पोरगं परत आलं. जूनपासून रोज पहिल्या रांगेत बसतंय, खिचडी दोनदा घेतंय, शेजारणीच्या वेण्या बाकाला बांधतंय. आणि पोर्टलवर ते आमच्याकडे नाहीच. ते शेकडो किलोमीटर लांब, कृष्णाकाठच्या शाळेत, चौथीत हजर आहे.

सप्टेंबर लागला तसा मी फोन लावला.

“सर, आमचं पोरगं सोडता का?”

“मॅडम, पोरगं तुमचंच. मी कुठं नाही म्हणतोय? पण पट आमचा.”

“अहो, ते इथं माझ्यासमोर बसलंय. बोलायला देऊ का?”

“द्या की.”

दिला. एकसष्टाव्यानं त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, “सर, कुत्रीला पिल्लं झाली का?” दोघांचं पाच मिनिटं कुत्रीवर बोलणं झालं. पिल्लं चार, त्यातलं एक पांढरं. फोन परत माझ्या हातात आला तेव्हा सरांचा आवाज जरा ओला होता, पण पट कोरडाच. “तीस तारीख जाऊ द्या मॅडम. एक तारखेला सकाळी सोडतो, शब्द देतो.” एक तारखेला सोडलेलं पोरगं मला काय कामाचं? त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. त्यांच्याकडेही कोणीतरी तिसरी असणारच.

पालकाची सही असलेला अर्ज जोडला तर जोर येईल, असं आमचे सर म्हणाले, म्हणून शाळा सुटल्यावर वस्तीवर गेले. आईबाप सोयाबीन काढायला गेले होते. घरी आजी आणि एकसष्टाव्याची मोठी बहीण. बहिणीच्या कडेवर दीड वर्षाचं बारकं. तिला मी चांगली ओळखते. पाचवीपर्यंत आमच्याकडेच होती, भागाकारात पोरांना मागे टाकायची.

“काय गं, आता सातवी ना? शाळा कशी चाललीय?”

ती हसली आणि बारक्याचं नाक पुसू लागली. आजी म्हणाली, “कशाची शाळा? बारकं कोन धरंल? दिवाळीच्या पयल्यापून गेली न्हाई. तिकडं बी कोपीवर हेच काम, हितं बी हेच.”

मी तिथंच ओट्यावर बसून आमच्या सरांना फोन केला आणि खालच्या गावातल्या तिच्या शाळेची यादी बघायला सांगितली. सरांनी वाचून दाखवलं. आधार जुळलेलं, शिक्षण क्रमांक आहे, अपार तयार, उंची-वजन भरलेलं. रक्तगटसुद्धा. सहावीतून सातवीत रीतसर बढती. एकही रकाना लाल नाही. संपूर्ण केंद्रात इतकी बिनचूक मुलगी दुसरी नसेल. आणि तिचा भाऊ, जो रोज नाकासमोर बसतो, तो लालेलाल.

आजीला पोर्टल माहीत नाही, पण कोणता कोयता कोणत्या कारखान्यावर, कोणाची उचल फिटली नाही, यंदा कोणाची पोरं मागं राहणार, सगळं तोंडपाठ. मी वहीच काढली. तासाभरात वस्तीवरच्या प्रत्येक पोराचा पुढच्या सहा महिन्यांचा पत्ता मिळाला, तोही कोणता मुकादम, कोणतं ट्रॅक्टर यासकट. हंगामी वसतिगृहासाठी, म्हणजे आईबाप गेले तरी पोरांनी गावातच राहून जेवावं-शिकावं यासाठी, नेमकी हीच यादी लागते. ती वर पाठवायचा नमुना मात्र वेगळा आहे. त्यात ट्रॅक्टरला रकाना नाही.

मुलीला म्हटलं, “खालची शाळा लांब पडते ना? मग आमच्याकडे ये. बारक्याला घेऊन ये, पण ये.” नियमात बसतं का, हे मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर बसलं नसतं.

तिकडे वाटाघाटी पुढे सरकल्या होत्या. २९ तारखेला रात्री चढावर उभी असताना कृष्णाकाठच्या सरांचाच फोन आला.

“मॅडम, एक तोड काढू. यंदा तुमच्या गावची टोळी आमच्याच पट्ट्यात येणार ना?”

आजीच्या माहितीनं मी म्हटलं, “हो, सहा कोयते.”

“त्यांची पोरं शेजारच्या वाडीच्या शाळेत नाही, आमच्याकडे घाला. बाकी काही नको. हमी कार्डावर आमच्याच शाळेचं नाव टाकून पाठवा. लगेच सोडतो.”

“सर, ही तर उचल झाली.”

“झालीच,” ते म्हणाले. “पण मी शिकवतो, मॅडम. तोडायला नाही लावत.”

हे खरं होतं. एकसष्टाव्याला जोडाक्षरं त्यांनीच शिकवली होती. शब्द दिला. बारा वाजायच्या आत पोरगं ड्रॉपबॉक्समध्ये पडलं, ओटीपी आमच्या सरांच्या मोबाईलवर आला, सर त्याच वेळी झोपले होते. त्यांच्या दारावर धोंडा मारून उठवणारी व्यक्ती कोण, यावर गावात अजून चर्चा आहे.

तीस तारखेला केंद्रप्रमुख पट बघायला आले. त्या दिवशी आम्ही कोणाला घरी राहू दिलं नव्हतं, तापात असलेल्या दोघीसुद्धा गोधडीसकट हजर होत्या. साहेबांनी रांगेनं डोकी मोजली. एकदा मोजली, परत मोजली.

“एकसष्ट म्हणालात. त्रेसष्ट भरताहेत.”

आमचे सर माझ्याकडे बघू लागले. मी मागच्या रांगेकडे बोट केलं. ती वहीवर वाकून भागाकार करत होती आणि बारकं खडू चोखत होतं.

“ही कोण?”

“खालच्या शाळेची, सातवीची. इथं येऊन बसते.”

साहेबांनी मोबाईल काढला, चष्मा वर केला, बराच वेळ खाली-वर केलं. “अहो, ही तर तिकडं आहे. सगळं भरलेलं आहे. काही अडचण नाही.”

“तिकडं ती नाही, सर. इथं आहे.”

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग मोबाईलकडे, मग पुन्हा तिच्याकडे. दोघींतली कोणती खरी मानायची, याचा विचार करत असावेत. शेवटी मोबाईल खिशात घातला. “असू द्या. मी बघितलंच नाही. आणि हे बारकं?”

“ते अजून कुठंच नाही, सर.”

साहेबांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. त्यांनी वाकून बारक्याच्या हातातला खडू काढून घेतला, गालाला हात लावला आणि आमच्या सरांना म्हणाले, “बाल आधार काढून ठेवा लगेच. आणि नाव नीट घालायला सांगा, रजिस्टरप्रमाणे. साडेचार वर्षांनी तुम्हालाच लागणार आहे.”