म्हणे, उल्हास नदीत बोट कधी चाललीच नाही!

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. कल्याण समुद्रापासून एवढं आत, तिथे कसलं बंदर? ठाण्याची खाडी हेच उल्हासचं मुख. जलमार्ग 2016 ला सुरू झाला आणि गुपचूप बंद पडला. आणि आज ठाणेकराला कुठेच बोट मिळत नाही. चारही गोष्टी चूक आहेत, पण सारख्याच चूक नाहीत.

आधी बंदराचं. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेली दानं कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेली आहेत. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि तिथेच, उल्हासच्या खाडीकाठी जहाजं बांधायला सुरुवात केली. 'आत' आहे म्हणून अशक्य, हे तर्कट भरती न बघितलेल्या माणसाचं. ठाण्यात उल्हासच्या काठावरच्या कोलशेतच्या धक्क्यावर तासभर बसून बघा. दुपारी चिखलात कलंडलेली होडी संध्याकाळी दोरी ताणत तरंगायला लागते, आणि पाण्यातला काटकचरा समुद्राकडे न जाता उलटा, कल्याणच्या दिशेने सरकतो. शिडाची गलबतं आणि मचवे याच पाण्यावर स्वार व्हायचे. भरतीबरोबर वर, ओहोटीबरोबर खाली. खलाशी अमावस्या-पौर्णिमेचं उधाण साधायचे, कारण भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी कमी चढतं. घोडबंदर, नागला बंदर, रेतीबंदर ही नावं काय रिक्षावाल्यांनी ठेवली? 1853 ला रेल्वे ठाण्यात आली, पुढच्या वर्षी कल्याणला पोचली आणि माल हळूहळू रुळांवर गेला. पुढे पूल आले, गाळ साचला. खाडी उरली ती रेतीवाल्यांना.

मुखाचं थोडक्यात: उल्हास वसईला समुद्राला मिळते. ठाण्याची खाडी वेगळी. ठाणे-कळव्याजवळच्या एका चिंचोळ्या फाट्याने ती उल्हासला जोडलेली आहे, एवढंच.

जलमार्गाबाबत मेसेजवाला अर्धा भाबडा आहे. 2016 च्या कायद्याने देशातल्या राष्ट्रीय जलमार्गांची संख्या 5 वरून 111 वर नेली. त्यात क्रमांक 53 हा कल्याण-ठाणे-मुंबई, सुमारे 145 किलोमीटर. पण ही घोषणा म्हणजे फेरी नव्हे. गाळ काढायचा, जेट्ट्या बांधायच्या, पुलांखालून बोट जाते का बघायचं, ही कामं त्यानंतरची. जे कायद्याने फक्त नावापुरतं केलं, ते 'बंद पाडलं' असं कसं म्हणणार?

राहिली बोट. वसई-भाईंदर रो-रो फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. दुचाकीसकट पलीकडे जाता येतं. बेलापूर जेट्टीवरून 2022 मध्ये वॉटर टॅक्सी निघाली, पण ती रोजच्या सवयीची काही झाली नाही. इथे मेसेजवाल्याची कुरकुर मला मान्य आहे. आणि अगदी जवळ म्हणाल तर ऐरोली. तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला बोटी सुटतात. मात्र वेळ तुमच्या सोयीने ठरत नाही. भरती सकाळी सहाला असेल तर सहाला.