‘ओझोनला भोक ज्वालामुखीने पाडलं’ म्हणणाऱ्या मेसेजला एका एसी मेकॅनिकचं उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या फ्रिज-एसीवाल्यांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला, तुम्हालाही आला असेल, बऱ्याच जणांनी पुढे ढकललाय. त्यात म्हटलंय की ओझोनचं भोक म्हणजे थोतांड, एक ज्वालामुखी फुटला की माणसाने आजवर बनवलेल्या सगळ्या गॅसपेक्षा जास्त क्लोरीन हवेत जातो, आपला फ्रिजचा गॅस हवेपेक्षा जड आहे तर तो वर जाईलच कसा, फ्रिज इथे तर भोक तिकडे अंटार्क्टिकावर का, आणि ते दरवर्षी आपोआप बुजतंही, म्हणजे हा सगळा परदेशी कंपन्यांचा नवीन गॅस विकायचा डाव आहे. आणि शेवटची ओळ, ‘मेकॅनिक बांधवांनो, बिनधास्त गॅस सोडा.’ या ओळीमुळे मी लिहायला बसलो. २७ वर्षं हेच काम करतोय, जुन्या फ्रिजमधल्या आर-१२ गॅसपासून आताच्या एसीतल्या आर-३२ गॅसपर्यंत सगळं हाताखालून गेलंय, आणि आमच्यातल्याच एका जुन्या दादांनी हा मेसेज टाकला याचं जास्त वाईट वाटलं. दादा, राग मानू नका, पण एकेक मुद्दा बघूया.

पहिलं जडपणाचं घेतो, कारण ते अर्धं खरं आहे. आर-१२ हवेच्या साधारण चौपट जड, बंद खोलीत लीक झाला तर खाली साचतो, म्हणून तर आपण दारं-खिडक्या उघडून काम करतो. पण उघड्यावर ऊन, वारा, ढग सगळं सतत ढवळत असतात. जानेवारी २०२२ आठवा, पाकिस्तानकडून वादळासोबत आलेली धूळ मुंबईत गाड्यांच्या टपावर पांढरी साचली होती, आता धुळीचा कण गॅसच्या रेणूपेक्षा किती पटीने जड असेल, तरी तो समुद्रावरून आलाच ना? कार्बन डायऑक्साइडही हवेपेक्षा जड आहे, तो थर करून खाली बसला असता तर आपण कुणी जिवंत राहिलो नसतो. आणि इथे तर्क लढवायची गरजच नाही, १९७५ सालीच बलून सोडून वरच्या हवेत हे गॅस मोजलेत. सापडलेत तिथे.

वर गेल्यावर पुढे काय होतं ते आपल्यातल्या जुन्या लोकांनी खरं तर डोळ्यांनी बघितलंय. हॅलाइड टॉर्च आठवतोय का? मी १९९८ ला एका दुकानात हेल्पर म्हणून लागलो तेव्हा उस्तादांकडे एक होता. छोटी निळी ज्योत, तिच्यावर तांब्याची चकती, बाजूला रबरी नळी, ती नळी जॉइंटपाशी हळूहळू फिरवायची आणि लीक असला की निळी ज्योत हिरवी व्हायची. उस्ताद लाइट बंद करायला लावायचे म्हणजे बारीक लीकसुद्धा दिसायचा. ती हिरवी का व्हायची? तर तापलेल्या तांब्यावर गॅसचा रेणू फुटतो, त्यातला क्लोरीन तांब्याला धरतो, त्याचा तो रंग. एरवी हा गॅस कशालाच दाद देत नाही, जळत नाही, पावसात विरघळत नाही, शंभरेक वर्षं टिकतो, म्हणून तर फ्रिजला इतका सोयीचा होता. पण २०-२५ किलोमीटर वर, जिथे ओझोनचा थर आहे, तिथे कडक अतिनील किरण मिळाले की तो फुटतो आणि क्लोरीन मोकळा होतो. तो ओझोनचा एक रेणू मोडतो, परत मोकळा होतो, दुसरा मोडतो, असं करत करत एक अणू हजारो रेणू संपवतो. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी हे १९७४ ला मांडलं तेव्हा कंपन्यांनी जोरदार विरोध केला होता, पुढे १९९५ ला पॉल क्रुटझन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. आणि ओझोन आहे तरी किती? डोक्यावरचा सगळा खाली आणून अंथरला तर जेमतेम ३ मिलिमीटरचा थर होईल.

आता ज्वालामुखी. ज्वालामुखीतून क्लोरीन निघतो हे खरंय, पण तो हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपात, आणि ते पाण्यात झटकन विरघळतं. स्फोटासोबत वाफही प्रचंड निघते, त्यातच बहुतेक आम्ल धुऊन पावसाबरोबर खाली येतं. समुद्राच्या मिठाचंही तेच. १९९१ ला फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला, विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या स्फोटांपैकी एक, तरी वरच्या थरातला क्लोरीन त्याने फारसा वाढला नाही, हे मोजलेलं आहे. ओझोनचं नुकसान मात्र तेव्हा वाढलं, कारण त्याच्या गंधकाच्या बारीक कणांवर आधीच वर असलेला आपला क्लोरीन जास्त जोरात काम करायला लागला. म्हणजे ज्वालामुखीने आग भडकवली असेल, पण लाकडं आपली होती.

याहून पक्का पुरावा फ्लोरिनचा. आपल्या गॅसमध्ये क्लोरीनसोबत फ्लोरिन असतो. वरच्या थरात क्लोरीन वाढत गेला तसा हायड्रोजन फ्लोराइडही वाढत गेला, आणि तिथे तो पोचवणारा नैसर्गिक झरा जवळजवळ नाहीच. १९९० च्या दशकात वर क्लोरीन सगळ्यात जास्त होता तेव्हा त्यातला ८० टक्क्यांहून जास्त माणसाने बनवलेल्या रसायनांचा होता, उरलेला मुख्यतः समुद्र आणि झाडं सोडतात त्या मिथाइल क्लोराइडचा. तोही कुणी लपवलेला नाही, हिशोबात धरलेलाच आहे.

भोक अंटार्क्टिकावर का? कारण तिथली थंडी. गॅस दोन-चार वर्षांत सगळ्या जगभर सारखा मिसळतो, पण हिवाळ्यात दक्षिण ध्रुवावर वाऱ्यांचा एक भोवरा तयार होतो, आतली हवा कोंडते आणि वरचं तापमान उणे ७८ अंशांच्या खाली जातं. तेव्हा तिथे विशिष्ट प्रकारचे ढग होतात, त्या ढगांच्या कणांवर निष्क्रिय पडलेला क्लोरीन जागा होतो आणि सप्टेंबरमध्ये ऊन आलं की ओझोन खायला सुरुवात. ब्रिटिशांच्या हॅली बे केंद्रावर जो फार्मन आणि त्यांचे सहकारी १९५० च्या दशकापासूनची मोजमापं बघत होते, तिथला ऑक्टोबरचा ओझोनचा आकडा ३०० डॉब्सन युनिटवरून (डॉब्सन म्हणजे ओझोन मोजायचं माप, ३०० म्हणजे वर सांगितलेला ३ मिलिमीटरचा थर) १९८४ पर्यंत २०० च्या आसपास आला होता, ते त्यांनी १९८५ ला छापलं. दोन वर्षांनी चिलीतल्या पुंता अरेनासवरून संशोधनाचं विमान थेट त्या हवेत नेलं, तर जिथे क्लोरीन मोनॉक्साइड, म्हणजे क्लोरीनने ओझोन मोडला की तयार होणारा वायू, वर चढत होता बरोब्बर तिथेच ओझोन खाली पडत होता.

‘दरवर्षी आपोआप बुजतं’ हे ऐकायला बरोबर वाटतं. नोव्हेंबर-डिसेंबरात तो भोवरा फुटतो, बाहेरची हवा आत येते, भोक भरतं. पण पुढच्या सप्टेंबरात ते परत पडतं ना? १९५७ ला पडत नव्हतं. त्या मेसेजवाल्यांनी एकच गोष्ट बघावी, सीएफसी-११ ची, म्हणजे आर-१२ च्याच जातीचा, फोम बनवायला वापरायचा तो गॅस. २०१० ला जगभर उत्पादन बंद झालेलं, तर हवेतलं प्रमाण ठरल्या वेगाने कमी व्हायला पाहिजे होतं, पण २०१८ ला शास्त्रज्ञांनी सांगितलं की कमी होण्याचा वेग मंदावलाय, कुणीतरी चोरून बनवतंय. २०१९ पर्यंत माग लागला, पूर्व चीनमधले शांडोंग आणि हेबेई हे प्रांत. कारवाई झाली आणि उत्सर्जन परत खाली आलं. माणसाने नळ उघडला तर काटा हलला, बंद केला तर परत हलला, याहून स्पष्ट काय पाहिजे? सध्याचा अंदाज असा की सगळे देश नियम पाळत राहिले तर अंटार्क्टिकावरचा ओझोन साधारण २०६६ पर्यंत १९८० च्या पातळीला येईल. आज जन्मलेलं पोर तेव्हा चाळिशीत असेल.

कंपन्यांचा डाव. कंपन्यांनी नवीन गॅस विकून पैसा केला हे मी नाकारत नाही, नवीन गॅसचे भाव आपणच भरलेत. पण आधी दहा-बारा वर्षं याच कंपन्या बंदीच्या विरोधात भांडत होत्या. आणि भारताने डोळे झाकून सही केलेली नाही. ओझोन खाणारे गॅस बंद करायचा मॉन्ट्रियल करार १९८७ चा, आपण त्यात १९९२ ला गेलो, मध्ये १९९० ला लंडनच्या बैठकीत मनेका गांधी पर्यावरण खात्याच्या मंत्री असताना आपण आणि चीनने लावून धरलं की बिघाड श्रीमंत देशांनी केला तर बदलाचा खर्चही त्यांनी द्यावा, त्यातून निधी उभा राहिला. सर्व्हिसिंगवाल्यांची जी फुकट ट्रेनिंगं झाली ती याच कराराखालची, मी स्वतः एक केलंय. मोजमापही फक्त गोऱ्यांचं नाही, आपल्या हवामान खात्याच्या ॲना मणी यांनी १९६० च्या दशकात देशी ओझोनसाँड, म्हणजे बलूनवरून वरचा ओझोन मोजायचं यंत्र, तयार केलं, पुण्यातूनही ते बलूनला बांधून सोडले गेलेत.

म्हणून ‘बिनधास्त सोडा’ ला माझा विरोध आहे. २००४-०५ पर्यंत मीही सोडलाय, फ्रिजमागची ट्यूब कापायची, फुस्स आवाज थांबेपर्यंत चहा प्यायचा, शंभर-दीडशे ग्रॅम आर-१२ गेला हवेत, आणि तो अजून तिथेच आहे, हे मला आता सुचतं. आज जुन्या आर-२२ च्या दीड टनी स्प्लिटमध्ये किलोभर गॅस असतो. युनिट काढायचं असेल तर पंप-डाउन करा, म्हणजे गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून कोंडा, लिक्विड लाइनचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद, कॉम्प्रेसर चालू, गेज शून्याकडे आला की सक्शन बंद, लगेच मशीन बंद, सगळा गॅस आउटडोअरमध्ये, पाच मिनिटांचं काम. लीक न काढता दरवर्षी गॅस मारून देऊ नका, नायट्रोजनने प्रेशर टेस्ट करा, गॅसनेच पाइप फ्लश करणं बंद करा. आर-३२ मध्ये क्लोरीन नाही म्हणून तो सोडला तर चालेल असं काही जण म्हणतात, ओझोनपुरतं बरोबर, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट आहे, म्हणून तर मॉन्ट्रियल करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीत तोही कमी करायचं ठरलं.

अवघड आहे ते भंगाराचं. जुना फ्रिज भंगारात गेला की पहिला हात कॉम्प्रेसरला, पाइप मोडून ओढतात, गॅस गेला, आणि दारातला-भिंतीतला जुना फोम तोडला की त्यातला सीएफसी-११ पण गेला. तिथे आपण पोचत नाही. निदान गिऱ्हाइकाने फ्रिज विकायच्या आधी आपल्याला बोलावलं तर गॅस काढून देता येतो.

कॉम्प्रेसर गेलेला असेल तर पंप-डाउन होत नाही, गॅस ओढून सिलेंडरमध्ये भरणारं रिकव्हरी मशीन लागतं, आणि ते महाग आहे, एकट्याला परवडत नाही, मान्य. आम्ही चौघांनी मिळून एक घेतलंय, वेगळा सिलेंडर ठेवलाय, ज्याला लागेल तो घेऊन जातो. नाशिकमधल्या ज्यांना हे हाताने करून बघायचं असेल त्यांनी रविवारी सकाळी दुकानावर या, जुना दीड टनाचा स्प्लिट भिंतीवर टांगून ठेवलाय, त्याच्यावरच दाखवतो. दादा, तुम्हीही या.