सेट कशाला हवा?

नवरीच्या दागिन्यांवरच्या लेखात म्हटलंय की नवरीने सगळं एकाच टेम्पल ज्वेलरी (देवदेवतांच्या नक्षीचे दागिने) सेटमधलं घ्यावं म्हणजे मॅचिंग दिसतं, हे काही पटलं नाही बुवा. टेम्पल ज्वेलरी सुंदरच असते पण ती मूळची तमिळनाडूकडची, आपल्या नऊवारीवर ठुशी गळ्याला घट्ट, तिच्याखाली मोत्यांचा तन्मणी आणि मग सोन्याच्या मण्यांची लांब मोहनमाळ किंवा कोल्हापूरकडचे असाल तर साज, अशी उतरती लांबी आली की गळा भरलेला दिसतो, मॅचिंग कोण बघतंय! हिरव्या चुड्यात पाटल्या नि तोडे हवेतच, ते लेखात कुठेच नाही. आणि मंगळसूत्राच्या दोन वाट्या, एक माहेरची एक सासरची, त्या सोडून नुसतं डायमंड पेंडंट? रोज ऑफिसला घाला की, पण लग्नात वाट्याच हव्यात असं माझं मत. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ मिळते, फक्त मोत्यांनी जड झालेली घेऊ नका, जेवताना ओघळते आणि फोटोत वाकडी दिसते. आजीची जुनी ठुशी असेल तर मोडू नका, नवीन दोऱ्यात गाठवून घ्या, दागिने ओवणारे पटवेकरी करून देतात. नवीन सोनं घेताना सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, बघा, एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या, म्हणजे शुद्धतेचा शिक्का असलेल्या, दागिन्यांवर तो लागतोच.