‘पदवी घ्या, कोच व्हा’ या सल्ल्यात काय चुकतं

अमेरिकेतल्या नव्या पदवीधरांमध्ये एक सल्ला बराच फिरतोय. कॉलेजच्या संघात खेळला असाल तर हायस्कूलमध्ये कोचची पूर्णवेळ नोकरी सहज मिळते, वेगळं शिक्षण लागत नाही, अर्ज थेट हेड कोचच्या जागेसाठीच करावा आणि ओळख नसेल तर नाद सोडावा, असं त्यात म्हटलंय. हे वाचून मुलं महिनोन्‌महिने भलत्याच जागा शोधत बसतात.

आधी ‘पूर्णवेळ नोकरी’. बहुतेक सरकारी हायस्कूलांत कोच हे स्वतंत्र पूर्णवेळ पद नसतंच. शिक्षक दिवसभर गणित किंवा इतिहास शिकवतो, शाळा सुटली की संघाचा सराव घेतो, आणि त्याबद्दल मोसमामागे ठरावीक स्टायपेंड मिळतो. त्या रकमेत घर चालत नाही. टेक्सासमध्ये तर सरकारी शाळेचा कोच त्या स्कूल डिस्ट्रिक्टचा (भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा) पूर्णवेळ कर्मचारी असावा, असा सर्वसाधारण नियमच आहे. कॅलिफोर्नियात शिक्षक नसलेले ‘वॉक-ऑन’ कोच चालतात, पण पोटासाठी त्यांनाही दुसरं काम बघावं लागतं. म्हणून असं कुणी विचारायला आलं की माझा पहिला प्रश्न असतो: तू शिकवणार कोणता विषय? पीईच्या (शारीरिक शिक्षणाच्या) जागा थोड्या आणि इच्छुक भरपूर. गणित, विज्ञान किंवा स्पेशल एज्युकेशन (विशेष गरजा असलेल्या मुलांचं शिक्षण) शिकवण्याचा परवाना असेल, तर शाळेच्या दोन गरजा एकाच माणसात भागतात. कायनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) शिकणाऱ्या मुलांना हे पहिल्या-दुसऱ्या वर्षातच सांगायला हवं. पदवीनंतर कळलं तर परवान्यासाठी पुन्हा वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

‘वेगळं शिक्षण लागत नाही’ हे वाक्य सगळ्यात धोक्याचं. 2006 मध्ये वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेट हा 13 वर्षांचा मुलगा डोक्याला मार लागूनही पुन्हा सामन्यात उतरला आणि त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली. त्याच्या नावाचा कायदा 2009 मध्ये आला: कन्कशनची (डोक्याला मार लागून मेंदूला बसणाऱ्या धक्क्याची) शंका आली की खेळाडू बाहेर, आणि वैद्यकीय तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत नाही. पुढच्या पाच-सहा वर्षांत सगळ्याच राज्यांनी कन्कशनचे कायदे केले. हायस्कूल खेळांच्या एनएफएचएस या राष्ट्रीय महासंघाचा कन्कशनचा ऑनलाइन कोर्स मोफत आहे. तो, सीपीआर-एईडीचं (हृदय थांबल्यास छाती दाबणं आणि विजेचा झटका देणारं यंत्र वापरणं) प्रमाणपत्र आणि महासंघाचाच ‘फंडामेंटल्स ऑफ कोचिंग’ हा कोर्स अर्जाआधीच करून टाकावं. कॉलेजात कितीही चांगलं खेळलेलं असो, ऑगस्टच्या उन्हात कोसळलेल्या मुलाला आधी थंड पाण्यात उतरवायचं, हे खेळून आपोआप कळत नाही.

थेट हेड कोच? अनुभव नसताना ती जागा क्वचितच मिळते. जेव्ही (शाळेचा दुय्यम संघ), फ्रेशमन (नववीचा) संघ, सहायक कोच, मिडल स्कूल: सुरुवात इथे होते. मुलींची कुस्ती आणि फ्लॅग फुटबॉल (खेळाडूला न पाडता कमरेची पट्टी ओढून थांबवायचं, असं अमेरिकन फुटबॉल) झपाट्याने वाढताहेत, तिकडे जरूर बघावं.

ओळखीच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. अ‍ॅथलेटिक डायरेक्टर (शाळेच्या खेळांचा प्रमुख) माहितीतल्या माणसाला झुकतं माप देतो. पण ही ओळख करून घेता येते. उन्हाळी शिबिरात मदत करा, एखादा मोसम स्वयंसेवक म्हणून काढा. फिंगरप्रिंट आणि पार्श्वभूमी तपासणी त्यासाठीही लागू शकते, ती उरकून ठेवा. अमेरिकन फुटबॉलच्या जागा बहुधा मोसम संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत निघतात. मे महिन्यात पदवी घेऊन शोधायला निघालेल्याला त्यातल्या बऱ्याच भरलेल्या दिसतात. डायरेक्टरला चार ओळींचं पत्र पाठवाल त्यात कोणता खेळ, कोणता मोसम आणि दुपारी तीननंतर रोज मोकळे आहात का, एवढं स्पष्ट लिहा. परवाना मिळेपर्यंत सबस्टिट्यूट (बदली) शिक्षकाचं काम धरलंत तर तीनला मोकळं होता येतं, आणि त्याच शाळेत रोज दिसताही.