व्हिसा काय, होईल! आधी बॅगा भरा

क्रूझचं बुकिंग झालं? अभिनंदन! आता सगळ्यात आधी माळ्यावरच्या बॅगा खाली काढा. पासपोर्टचं नंतर बघू. तो कपाटाच्या खणात पडलेला असतो, त्याला काही पाय फुटत नाहीत. त्याची मुदत कधी संपते, कोरी पानं किती उरलीत, तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतं का, असल्या भोचक चौकशा सुरुवातीलाच केल्या की उत्साहावर विरजण पडतं. निघायच्या दिवशी मुदत शिल्लक आहे ना? मग झालं तर! परतीनंतरही पासपोर्ट सहा महिने चालला पाहिजे, असं पुष्कळ देश आणि बऱ्याच क्रूझ कंपन्या म्हणतात. शेंगेनवाल्यांना, म्हणजे एकाच व्हिसावर फिरू देणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाला, तीनच महिने पुरतात, पण त्यांना पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला लागतो आणि वर दोन कोरी पानं लागतात. हे सगळं बुकिंगसोबत आलेल्या पीडीएफमध्ये लिहिलेलं असतं. ती उघडू नका. तुम्ही सुट्टीवर चाललाय, परीक्षेला नाही.

तर बॅगा.

समजा क्रूझ आठ दिवसांची आहे. भोळा माणूस आठ जोड कपडे घेईल. जहाजावरचा दिवस कसा असतो याची त्या बिचाऱ्याला कल्पना नसते. नाश्त्याचा पोशाख वेगळा, तरणतलावाचा वेगळा, बंदरावर उतरून हिंडायचा वेगळा, रात्रीच्या जेवणाचा वेगळा. आणि जेवणानंतरच्या नाचगाण्याला जेवणातलाच सदरा घालून गेलात, तर नाट्यगृहातले पाचेकशे अनोळखी लोक कार्यक्रम सोडून तुमच्याकडे बघत बसतील. म्हणजे आठ गुणिले पाच, चाळीस. त्यात पाऊस पडला तर, थंडी वाजली तर, कुणी रस सांडला तर, असे तीन ‘तर’ मिळवा. एखाद्या संध्याकाळी फॉर्मल नाइट असते. हल्ली अनेक जहाजांवर ती ऐच्छिक झालीय, पण सूट घ्याच. सुटामागून बूट येतात, बुटांमागून पॉलिश येतं आणि सुरकुत्यांमागून इस्त्री.

इस्त्रीवर थोडं सविस्तर बोलायला हवं. भर समुद्रात आग लागली तर पळायला जागा नसते, म्हणून जहाजवाले आगीला फार घाबरतात. इस्त्री, कपड्यांना वाफ देणारं यंत्र, पाणी उकळायची किटली, मेणबत्त्या, एक्स्टेन्शन बोर्ड ही मंडळी बहुतेक कंपन्यांच्या बंदीच्या यादीत असतात. तेव्हा तुमची इस्त्री बॅगेच्या तळाशी टॉवेलात गुंडाळून ठेवा. क्ष-किरणांना हाडं दिसतात, टॉवेलातली इस्त्री दिसत नाही, अशी प्रवाशांमध्ये एक गाढ श्रद्धा आहे. त्या संध्याकाळी सगळ्यांच्या बॅगा दाराशी येतील आणि तुमची येणार नाही. मग सुरक्षा विभागातून बोलावणं येईल. जरूर जा. जप्त केलेल्या इस्त्र्या, किटल्या आणि वायरींची वेटोळी तिथे एकत्र बघायला मिळतात, आणि त्या प्रत्येकीचा मालक ‘ही कशी आली बुवा बॅगेत?’ असा चेहरा करून उभा असतो. इस्त्री शेवटच्या दिवशी परत देतात म्हणे. तोवर सूट चुरगळलेला घाला. समुद्राच्या हवेने झालं असं सांगता येतं.

वजनाची काळजी करायचं कारण नाही. जहाजाला तुमच्या बॅगेच्या वजनाने काही फरक पडत नाही. २०२४ मध्ये पहिल्या सफरीवर निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ तर तब्बल ३६५ मीटर लांबीचं आहे आणि त्यात ७,६०० प्रवासी मावतात. तुमचे चार जोड बूट त्याला बुडवणार नाहीत. फक्त त्या जहाजापर्यंत विमानाने जायचं असतं आणि विमानवाले बहुधा २३ किलोवर हरकत घेतात, एवढी बारीक अडचण आहे. त्यावर उपाय जुनाच आहे: काउंटरसमोर, रांगेच्या ऐन तोंडाशी, बॅग जमिनीवर आडवी करून उघडायची आणि घरच्या सगळ्यांनी मिळून कौटुंबिक चर्चेला बसायचं. कुणाची अंतर्वस्त्रं कुणाच्या बॅगेत जावीत, यावर मागच्या लोकांचंही मत घ्या. पॉवर बँक मात्र चेक-इन बॅगेत ठेवायला विमानात मनाई असते, म्हणून ती नेमकी तिथेच असेल आणि तीही सगळ्यात खालच्या थरात.

एवढं करून सामान केबिनमध्ये पोहोचलं की केबिन संपते. बिनखिडकीची साधी केबिन साधारण १५ चौरस मीटरची. त्यात पलंग, सोफा, टेबल आणि तुम्ही. रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवायच्या असतात. तुमच्या बॅगा रिकाम्या होणारच नाहीत, कारण कपाटात चाळीस जोड टांगायची सोय नसते. मग त्या ओलांडत न्हाणीघरात जायचं. चालण्याचा व्यायाम होतो, आणि त्यासाठी वरच्या डेकवर जावं लागत नाही.

औषधांचंही सांगून ठेवतो. मूळ वेष्टनं फार जागा खातात, ती फेकून द्या आणि सगळ्या गोळ्या एका डबीत भरा: रक्तदाबाची, पित्ताची, सर्दीची, आणि ती पांढरी, जी कशाची होती हे आता कुणालाच आठवत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर नको, उगाच आजारी असल्यासारखं वाटतं. जपानमध्ये सर्दीच्या काही औषधांवरही बंधनं आहेत. तिथल्या अधिकाऱ्याला ती डबी दाखवून ‘ओळखा पाहू’ म्हणायला मजा येईल. सिंगापूरला जाताना खिशात च्युइंग गम असू द्या. ते आत आणायला १९९२ पासून बंदी आहे, एवढ्या वर्षांत विसरले असतील. कॅरिबियन बेटांवर हिंडायला लष्करी ठिपक्यांची हिरवी पँट उत्तम. बार्बाडोससारख्या ठिकाणी सैन्याबाहेरच्या कुणीही, अगदी लहान मुलानेसुद्धा, तसले कपडे घालणं कायद्याने गुन्हा आहे. पण तुमची पँट नवी आहे, आणि फोटोत छान दिसते.

आता व्हिसा. निघायला तीन आठवडे उरले की हा विषय काढायचा, त्याआधी नाही. शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. निकाल नियमाप्रमाणे १५ दिवसांत लागतो, आणि शंका आली तर ४५ दिवसांपर्यंत लांबतो. म्हणजे तुमचा हिशेब आणि दूतावासाचा हिशेब यांत फार तर महिनाभराचा फरक. अर्ज द्यायला जायची तारीखच क्रूझ संपल्यानंतरची मिळाली, तर तीही घेऊन टाका. गर्दी कमी असते.

फोटो नवा काढू नका. सहा महिन्यांच्या आतला फोटो लागतो हे खरं, पण जुन्या फोटोत केस आहेत. आकाराचंही मनावर घेऊ नका. शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटर लागतो, अमेरिकेला ५१ बाय ५१. कात्री घरात असतेच.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हा प्रश्न क्रूझच्या प्रवाशाला पडला की नियम लिहिणाऱ्याचीही कीव येते. नियम म्हणतो, जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे अर्ज करा; ते ठरतच नसेल तर जिथे पहिलं पाऊल टाकाल त्या देशाकडे. हॉटेलात राहणाऱ्यांना हे सोपं आहे. तुमचा मुक्काम समुद्रात! स्पेनमध्ये सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, फ्रान्समध्ये सात ते पाच, इटलीत दोन बंदरं पण पैकी एका ठिकाणी जहाज दुपारीच निघतं. हे तास मांडून बेरीज करत बसणारे लोक आहेत. क्रूझ कंपनीकडून मार्गाचं पत्र घेऊन ते अर्जाला जोडतातही. तुम्ही त्या फंदात न पडता, ज्या देशाच्या व्हिसा केंद्राजवळ पार्किंग मिळतं तो देश निवडा.

किती वेळा प्रवेश हवा, या रकान्यात ‘एकदा’ लिहा. नम्र दिसतं. अथेन्सला विमानातून उतरलात, तिथल्या पिरेयस बंदरात जहाजात चढलात, जहाज तुर्कस्तानात कुशादासीला लागलं, जवळच्या प्राचीन एफेससचे खांब बघून झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी समोर ग्रीसचं ऱ्होड्स बेट. नकाशावर बोटभर अंतर. पण तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही, म्हणजे तुम्ही शेंगेन सोडून बाहेर गेलात आणि आता पुन्हा आत यायचं म्हणताय. तुमचा ‘एकदा’ तर अथेन्सच्या विमानतळावरच खर्ची पडला. अर्थात एवढ्यावर तुम्हाला जहाजात घ्यायचं की नाही, हे ठरवायला पिरेयसचा काउंटर आहे, तुम्ही कशाला डोकं शिणवता?

या बाबतीत अनुभवी माणसाचा सल्ला घ्यावा, आणि अनुभव जितका जुना तितका उत्तम. २०१९ मध्ये जाऊन आलेले शेजारी छातीठोक सांगतील की क्रोएशियातलं डुब्रॉव्हनिक शेंगेनच्या बाहेर आहे. त्यांच्या वेळी होतं. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला आत आला, बल्गेरिया आणि रोमानिया २०२५ च्या सुरुवातीला पूर्णपणे आत आले, आणि आकडा २९ देशांवर गेला. सायप्रस युरोपीय संघात आहे पण शेंगेनमध्ये नाही. कोटोर बंदराचं मॉन्टेनेग्रो तर दोन्हींतही नाही. शेजाऱ्यांना यातलं काही सांगू नका, वाईट वाटेल त्यांना.

काही धूर्त मंडळी म्हणतात, ‘आम्ही त्या बंदरावर उतरणारच नाही, केबिनमध्ये झोपून राहू, मग व्हिसा कशाला?’ काय बुद्धी आहे! उद्या तुमचं अपेंडिक्स दुखायला लागलं आणि जहाजावरच्या डॉक्टरने तुम्हाला किनाऱ्यावरच्या इस्पितळात हलवलं, तर अपेंडिक्सला व्हिसा कोण देणार? म्हणून अनेक कंपन्या वाटेतल्या ज्या ज्या देशाचा व्हिसा तुम्हाला लागतो, तो तो मागतात, मग तुम्ही उतरा नाहीतर घोरत पडा. कागद दाखवला नाही तर चढू देत नाहीत, आणि पैसेही सहसा परत देत नाहीत.

याहून मौज अलास्काच्या वाटेवर आहे. सिअ‍ॅटलहून जहाज निघतं, अलास्का अमेरिकेचंच राज्य, म्हणजे अमेरिकेचा व्हिसा पुरे, असं कुणालाही वाटेल. पण अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे, जो परदेशी झेंड्याच्या जहाजाला मध्ये परदेशी बंदर न घेता अमेरिकी बंदरांमधून प्रवासी फिरवू देत नाही. बड्या क्रूझ जहाजांवर झेंडा असतो बहामाचा, पनामाचा नाहीतर बर्म्युडाचा. म्हणून जहाज कॅनडातल्या व्हिक्टोरियाला टेकतं, पुष्कळदा संध्याकाळी, काही तासांपुरतं. तेवढ्यासाठी, ज्यांना कॅनडाचा व्हिसा लागतो त्यांनी तो काढायचा. शिवाय त्यानंतर अमेरिकेत परतायचं म्हणून अमेरिकेचा व्हिसाही एकाहून जास्त प्रवेशांचा असलेला बरा. वाफेच्या बोटींच्या काळातला कायदा, आणि फॉर्म भरायचे तुम्ही. व्हिसाच नको असं ज्यांचं म्हणणं आहे, त्यांनी अंटार्क्टिकाला जावं. तिथे शिक्का मारायला कोणी नसतं. जहाज बहुतेक वेळा अर्जेंटिनातल्या उशुआयाहून सुटतं एवढंच, आणि तिथे असतं.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस हवी असलेले देश वाटेत असतील, तर विमानात बसायच्या आदल्या दिवशी टोचून घ्या. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, तोवर क्रूझ संपत आलेली असेल. एकदा घेतलं की ते जन्मभर चालतं, म्हणजे वाया काहीच जात नाही.

आणि हे सगळं करूनही व्हिसा वेळेत आलाच, तर शेवटची खबरदारी. पासपोर्ट, विम्याचे कागद, लसीचं कार्ड, बोर्डिंग पास, सगळं एका पाकिटात घालून सगळ्यात मोठ्या बॅगेत, सुटाच्या आणि इस्त्रीच्या मध्ये सुरक्षित ठेवा. हातातल्या पिशवीत ठेवलं तर हरवायचं. औषधं आणि पोहायचे कपडेही त्याच बॅगेत टाका. पुष्कळ बंदरांवर टर्मिनलच्या दारातच हमाल उभे असतात. गाडीतून उतरलात की ते हसतमुखाने तुमच्या बॅगा घेतात, चिठ्ठ्या बघतात आणि घेऊन जातात. बॅगेला कुणी व्हिसा विचारत नाही. ती थेट जहाजात जाते आणि केबिनच्या दाराशी संध्याकाळपर्यंत केव्हातरी पोहोचते.

तुम्ही मोकळ्या हातांनी, शीळ घालत काउंटरवर जा. समोरची बाई पासपोर्ट मागेल. काचेतून दिसणाऱ्या जहाजाकडे बोट दाखवा. तिला नवल वाटणार नाही. बाजूला खुर्च्या मांडलेल्या असतात, तिथे ती तुम्हाला बसायला सांगेल. आधीच दोघं-तिघं बसलेले असतील. ओळख करून घ्या. कोणत्या रंगाची बॅग होती, यावरून बोलणं छान सुरू होतं.