खोक्यावर एमआरपी का नाही?

इथे अमेरिकेत डिसेंबरात 40 डॉलरला घेतलेला दम्याचा पंप, तोच ब्रँड, तेच दुकान, आणि 2 जानेवारीला काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणते, 312. मला वाटलं मागच्या काकांचं बिल पण माझ्यातच लावलं की काय. तर नाही, नवीन वर्ष लागलं ना, डिडक्टिबल परत शून्यापासून. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, डिडक्टिबल म्हणजे इन्शुरन्स कंपनीचं सोवळं. आमचं 2000 डॉलरचं आहे, तेवढे आपल्या खिशातून जाईपर्यंत ती आपल्या औषधाला शिवत नाही. हप्ता मात्र दर महिन्याला पगारातून कापून घेते, तिथे विटाळ नाही.

'जरा फिरून येते हं' (साडीच्या दुकानात म्हणतो ना, त्याच आवाजात) असं म्हणून मी बाहेर आले आणि गाडीत बसून कुपनचं ॲप उघडलं. त्याच दुकानात 268. समोरच्या सुपरमार्केटातल्या फार्मसीत 241. हायवेपलीकडे 289. अहो औषध एक, झिपकोड एक, मधे फक्त एक सिग्नल! मंडईत कोथिंबिरीच्या जुडीचा भाव चार गाळ्यांवर चार असतो, पण तिथे निदान जुडी लहान-मोठी तरी असते.

परत आत. म्हटलं, इन्शुरन्स पण लावा आणि कुपन पण लावा. तर म्हणे दोन्ही एकत्र नाही चालत, एकच निवडा, आणि कुपनने घेतलंत तर ते पैसे डिडक्टिबलमध्ये धरणार नाहीत. म्हणजे आज 71 डॉलर वाचवले तर सोवळं सुटायला तेवढा जास्त वेळ. शेवटी कंटाळून सरळ विचारलं, बाई गं, सगळ्यात स्वस्त कशात पडेल ते तूच सांग. तेव्हा कुठे ती म्हणाली, औषध बनवणाऱ्या कंपनीचं सवलतीचं कार्ड असतं, ते बघा. मग हे आधी का नाही सांगितलंस? तर त्याची पण एक गंमत आहे, पूर्वी काही करारांमध्ये फार्मसीवाल्यांनी स्वस्त भाव सांगायचाच नाही अशी अट असायची, 2018 ला कायदा करून ती काढली. आता सांगायला मनाई नाही. पण आपण होऊन सांगायलाच हवं असंही नाही.

घरी नवऱ्याने एक्सेल उघडलं. किचनचा बल्ब दिवाळीपासून गेलाय तो बदलायला याला वेळ नाही, पण तुलना म्हटली की रंगीत कॉलम! दुकान, कुपन, इन्शुरन्स, कार्ड, वर पेट्रोलचा खर्च वेगळा. त्यात कळलं की 2024 मध्ये पंप बनवणाऱ्या काही मोठ्या कंपन्यांनी त्याचा महिन्याचा खर्च 35 डॉलरच्या वर जाऊ देणार नाही असं जाहीर केलंय, आणि आमच्या पंपाची कंपनी त्यात आहे! मी लगेच शेजारच्या काकांना फोन लावला, त्यांचाही हाच पंप. पण ते मेडिकेअरवाले, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी इन्शुरन्स, आणि सरकारी इन्शुरन्सवर कंपनीचं कार्ड चालत नाही, लाच दिल्यासारखं होतं म्हणे. काकांनी नुसतंच 'बरं' म्हटलं, आणि मला उगाच आपणच काहीतरी खाल्ल्यासारखं वाटलं.

या सगळ्यात दोन आठवडे गेले. दुकानात गेले तर माझं पार्सल कुणी न्यायला आलं नाही म्हणून परत कपाटात. पुन्हा सगळं पहिल्यापासून, कार्डवरचे 'बिन', 'पीसीएन', 'ग्रुप' असले सगळे नंबर, मागे रांग वाढतेय, मी आकडे मोठ्याने वाचतेय सत्यनारायणाच्या पोथीसारखे. आणि आलं! 35! पावतीवर खाली छापलेलं, तुमच्या इन्शुरन्सने आज तुमचे 277 डॉलर वाचवले. इन्शुरन्सने?? त्याने तर बोटसुद्धा लावलं नव्हतं.

रात्री आईला सांगलीला व्हिडिओ कॉल केला. तिचा गल्लीतला मेडिकलवाला एमआरपीवर न मागता दहा टक्के सोडतो, त्यामुळे तिला माझी एवढी मोठी कहाणी कळेचना.

"अगं पण खरी किंमत किती त्याची?"

"तेच तर कुणाला माहीत नाही."

"खोक्यावर बघ की, एमआरपी असेल."

मी खोकं फिरवून फिरवून बघितलं. माझं नाव, डॉक्टरांचं नाव, दुकानाचा फोन नंबर.

"एमआरपी नाहीये गं. वापरण्याआधी चांगलं हलवून घ्या, एवढंच लिहिलंय."

"कुणाला, गिऱ्हाइकाला?"